दंडाचं मॉडेल कंप्युटरवर करायचंय? मग आधी ठोकळा करा

गेल्या महिन्याभरात तीन-चार पोरांनी फोन करून विचारलं, दादा ते स्नायूचं सिम्युलेशन कसं करायचं सांगा की, प्रोजेक्टला घेऊन बसलोय पण सॉफ्टवेअर उघडल्यावर पुढं काय तेच कळेना. दोघं मेकॅनिकलचे, एकजण फिजिओथेरपीची. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या कामातनं आलेला माणूस, म्हणजे धातू ओतल्यावर कुठं आधी गार होईल, कुठं पोकळ राहील ते कंप्युटरवर बघणारा, त्यामुळं शरीररचना मला नव्यानं शिकावी लागली आणि लोखंडाची सवय मोडावी लागली, आणि दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त अवघड गेलं.

लोखंडाचं कसं असतं, एक यंग्स मॉड्युलस (ओढल्यावर किती कडक) टाकला, ०.३ पॉइसन (लांबलं की किती बारीक होतं) टाकला की गाडी सुरू. सगळीकडनं सारखं, वाकलं तर केसभर वाकतं, आणि स्वतःहून कुणाला ओढत नाही. स्नायू यातलं एकही ऐकत नाही. वडगाव-शहापूरच्या मागाच्या घरातली पोरं असतील तर त्यांना लगेच कळेल, कापड धाग्याच्या दिशेनं ओढलं तर तटतं आणि तिरकं ओढलं तर खुशाल लांबतं, तसंच स्नायूलाही दिशा असते, फायबरच्या म्हणजे त्याच्या तंतूंच्या बाजूनं एक वागणं आणि आडवं वेगळंच. वर हे कापड जिवंत, सिग्नल आला की स्वतःच आखडतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो जवळजवळ दाबला जात नाही, घनफळ तेवढंच राहतं.

ही तिसरी गोष्ट मला पुस्तकातनं नाही, तालमीत कळली. आमच्या गल्लीच्या तालमीत एका पैलवानाच्या दंडाला मी टेप लावली होती, हात सैल सोडून ३८ सेंटिमीटर, मुठ आवळून कोपर वाकवल्यावर ४१. वस्ताद कट्ट्यावर बसून बघायले होते, म्हणाले, "काय रे, शर्ट शिवायलास काय त्याला?" तर तो दंड फुगला म्हणजे त्यात काही भरलं गेलं नाही, लांबी कमी झाली म्हणून जाडी वाढली, एवढंच. सतराव्या शतकात हॉलंडच्या यान स्वामरडामनं बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत ठेवून पाण्याच्या थेंबावरनं हेच दाखवलं होतं, तोवर लोक समजायचे की नसांतनं काहीतरी आत शिरतं आणि स्नायू फुगतो.

आता कामाचं. पहिल्यांदा प्रश्न ठरवा, सॉफ्टवेअर नंतर. "स्नायूचं मॉडेल करायचं" हा प्रश्नच नव्हे. सेरेब्रल पाल्सीच्या पोराचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, दुसरीकडं जोडला तर गुडघा कसा वाकेल, पाय कापलेल्या माणसाचा कृत्रिम पायाचा सॉकेट, म्हणजे उरलेला पाय बसतो ती वाटी, कुठं दाबेल, कायम व्हीलचेअरवर असलेल्याच्या बसायच्या हाडाखाली मांस किती चेपलं जातं, बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचा स्नायू किती ताणला जातो, हे प्रश्न. यातल्या प्रत्येकाला वेगळं मॉडेल लागतं. माणूस चालताना कुठला स्नायू किती ओढतो एवढंच पाहिजे असेल तर त्रिमिती मांस करायची गरजच नाही, स्टॅनफर्डचं ओपनसिम घ्या, त्यात स्नायू म्हणजे हाडाला बांधलेली दोरी, काम भराभर होतं. दोरीनं भागतंय तिथं उगाच मांस करू नका. मांस कुठं चेपतंय, आतल्या आत ताण कसा वाटला जातोय, हे बघायचं असेल तरच फायनाइट एलिमेंटच्या वाटेला जा, म्हणजे आकाराचे हजारो बारीक तुकडे (एलिमेंट) करून प्रत्येकाचा हिशेब सोडवायचा.

गेलातच तर फेबायो घ्या, युटा विद्यापीठातनं आलंय, मऊ टिश्यूसाठीच केलेलं आहे, फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. स्कॅनमधनं आकार काढायला थ्रीडी स्लायसर, त्या तुकड्यांची जाळी (मेश) करायला जीमेश, हे पण फुकट. फाउंड्रीतलं महागडं सॉफ्टवेअर मला येत होतं म्हणून सुरुवातीला त्यातच घुसडायचा प्रयत्न केला, दोन महिने वाया.

आणि आता जे सांगायलोय ते कुणी ऐकत नाही, तरी सांगतो. एमआरआयला हात लावायच्या आधी एक ठोकळा करा. ६० मिलिमीटर लांब, २० बाय २० जाडी, फायबर सगळे लांबीच्या दिशेनं सरळ. दोन्ही टोकं लांबीच्या दिशेनं पक्की धरा पण आडवी मोकळी सोडा, म्हणजे जाड व्हायचं असेल तर होऊ दे. मटेरियल म्हणून ट्रान्सव्हर्सली आयसोट्रॉपिक मूनी-रिव्हलिन घ्या, म्हणजे रबरासारखं मऊ पण फायबरच्या दिशेनं वेगळं वागणारं, त्यात अॅक्टिव्ह कॉन्ट्रॅक्शन म्हणजे स्वतःहून आखडणं जोडायची सोय आहे. मग पूर्ण अॅक्टिव्हेशन (आखडायचा सिग्नल) द्या आणि टोकाला किती जोर आला ते बघा.

किती यायला पाहिजे ते कागदावर आधी काढा. स्नायू पूर्ण ताकदीनं ओढतो तेव्हा एका चौरस सेंटिमीटरला साधारण २० ते ३० न्यूटन धरतात, आपण २५ धरू. ठोकळ्याचा छेद ४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १०० न्यूटन. कंप्युटरनं १०० च्या आसपास सांगितलं तर पुढं, नाहीतर तिथंच थांबा. दुसरी चाचणी, एक टोक सोडा आणि ठोकळा २० टक्के आखडू द्या, ६० चा ४८ झाला. घनफळ २४ घन सेंटिमीटरच राहायला पाहिजे, म्हणजे छेद ४ चा ५ झाला पाहिजे आणि २० ची बाजू साधारण २२.४ मिलिमीटर. बाजू २१ च आली तर तुमचा ठोकळा कुठंतरी घनफळ गिळायलाय, बल्क मॉड्युलस (घनफळ बदलायला होणारा विरोध) कमी पडलाय, तो शिअर मॉड्युलसच्या (आकार तिरका व्हायला होणारा विरोध) काहीशे ते हजार पट ठेवा. लय जास्त पण ठेवू नका, सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा भाग, अडून बसतो.

युनिटचं मुद्दाम वेगळं सांगतो कारण मी स्वतः तोंडावर आपटलोय. फेबायोला युनिट कळत नाही, तुम्ही जे द्याल ते तो मुकाट्यानं गुणतो. ठोकळा मिलिमीटरमध्ये काढला तर जोर न्यूटनमध्ये आणि स्ट्रेस मेगापास्कलमध्ये, म्हणजे ते २५ न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर होतात ०.२५. मी तिथं पास्कलमधला आकडा टाकला, २,५०,०००. उत्तर आलं १० कोटी न्यूटन. म्हणजे दहा हजार टनांच्या वर, दहा टनी उसाच्या हजार ट्रका एका काडेपेटीपेक्षा थोड्या जाड मांसाच्या तुकड्यावर, आणि मी बावळटासारखा रंगीत चित्र बघत "वा, काय मस्त आलंय" करत होतो. चित्र खरंच सुंदर होतं. रंगपट्टी स्वतःच आपला पल्ला लावून घेते ना, दहा न्यूटन असो की दहा कोटी, निळ्यापासनं लालपर्यंत सगळं छानच दिसतं.

ठोकळा जमला की मग खरा दंड. एमआरआय घ्या, सीटीमध्ये हाड झकास दिसतं पण शेजारशेजारचे दोन स्नायू वेगळे करताना डोळे फुटतात. स्कॅन मिळत नसेल तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा व्हिजिबल ह्यूमन डेटा आहे, १९९४ चा पुरुष एक-एक मिलिमीटरच्या कापांचा आणि १९९५ ची बाई ०.३३ मिलिमीटरच्या, शिकायला भरपूर झाला. आणि कुठल्या हॉस्पिटलातनं स्कॅन मिळाला तर आधी रीतसर परवानगी, मग फाइलमधलं पेशंटचं नाव पुसणं, मग बाकी सगळं. मला एका ठिकाणनं सीडी मिळाली होती, "नाव काढलंय" म्हणून दिली, फोल्डरचं नाव बदललेलं होतं फक्त, आत प्रत्येक डायकॉम (स्कॅनच्या) फाइलमध्ये माणसाचं पूर्ण नाव, वय, जन्मतारीख सगळं जसंच्या तसं. स्लायसरमध्ये उघडल्याबरोबर समोर दिसलं. परत नेऊन दिली.

स्लायसरमध्ये स्नायू रंगवायचा, दर चार-पाच कापांनंतर एक हातानं आणि मधले त्याला भरू द्यायचे. काप ५ मिलिमीटरचे असतील तर आकार पायऱ्या-पायऱ्यांचा येतो, स्मूदिंग करा पण केल्यावर घनफळ परत मोजा, जास्त घासलं की स्नायू बारीक होतो. अजून एक, स्कॅनला माणूस झोपलेला असतो, पोटरी आणि कुल्ला टेबलावर चपटे झालेले असतात, तुम्ही तोच आकार घेऊन उभ्या माणसाचं मॉडेल केलंत तर सुरुवातच चुकीची. दंडाला हा त्रास कमी म्हणूनच मी सगळ्यांना बायसेप्सपासनं सुरू करा म्हणतो.

मेशिंगमध्ये एकच चूक सगळे करतात. चार नोडांचे (नोड म्हणजे एलिमेंटचे बिंदू) टेट्राहेड्रॉन, म्हणजे चार तोंडांचे त्रिकोणी तुकडे, टाकून मोकळे होतात कारण तेच सोपे पडतात. घनफळ न बदलणाऱ्या मटेरियलमध्ये ते एलिमेंट लॉक होतात, म्हणजे फुकटचे कडक होतात, मग अॅक्टिव्हेशन दिलं तरी दंड फुगतच नाही आणि तुम्ही बिचाऱ्या मटेरियलला दोष देत बसता. दहा नोडांचे घ्या, नाहीतर जमलं तर आठ कोपऱ्यांचे हेक्साहेड्रॉन, विटेसारखे.

फायबरची दिशा हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथं फाउंड्री कामाला आली. प्रत्येक एलिमेंटला फायबर कुठल्या दिशेला आहे ते सांगावं लागतं, आणि हातानं तीस हजार एलिमेंटना कोण सांगणार. डिफ्युजन एमआरआय (पाणी कुठल्या दिशेनं सरकतं ते दाखवणारा) असेल तर दिशा थेट मोजता येते, नसेल तर उष्णतेचा खेळ करायचा. स्नायूच्या वरच्या टोकाला ० अंश द्या, खालच्या टोकाला १००, बाजू सगळ्या बंद, आणि उष्णता कुठनं कुठं वाहते ते सोडवा. ती जशी वाहते तसे फायबर. दंडासारख्या सरळ स्नायूला हे छान बसतं. पोटरीचे फायबर तिरके बसलेले असतात, पिसासारखे, तिथं टोकांना नाही तर आतल्या पांढऱ्या पडद्यांना तापमान द्यावं लागतं, नाहीतर फायबर सरळ वाहतील आणि जोर भलताच येईल.

फायबर बसले की कागदावरचा हिशेब परत एकदा, कारण आता ठोकळ्यासारखा छेद नाही. घनफळ भागिले फायबरची लांबी म्हणजे कामाचा छेद. समजा स्कॅनवरनं घनफळ आलं १२० घन सेंटिमीटर आणि फायबर १२ सेंटिमीटरचे, तर छेद १०, जोर २५० न्यूटन. कोपराच्या सांध्यापासनं त्याच्या ओढीचं अंतर (मोमेंट आर्म) साधारण ४ सेंटिमीटर, म्हणजे १० न्यूटन मीटर, म्हणजे कोपरापासनं ३५ सेंटिमीटरवर मुठीत जेमतेम तीन किलो. हे बघून एक पोरगं म्हणालं, दादा चुकलंय, मी दहा किलोचं डंबेल उचलतो. चुकलं नाही रे, दंडात बायसेप्स एकटा नसतो, त्याच्याखाली ब्रॅकियालिस आहे, बाजूला अजून आहेत, आणि व्यायाम करणाऱ्याचं घनफळ पण मोठं.

टोकं जोडताना बघा, बायसेप्सला वर दोन मुळं, दोन्ही खांद्याच्या फऱ्याच्या हाडावर पण वेगवेगळ्या जागी, आणि खाली रेडियस हाड. मधे टेंडन आहेत, त्यांना स्नायूचंच मटेरियल देऊ नका. पास्कलमध्ये मोजलं तर टेंडन शंभर कोटींच्या घरात आणि सैल स्नायू आडवा काही हजारांत, एवढा फरक. स्नायू हाडावरनं घसरतो, चिकटून बसत नाही, म्हणून तिथं स्लायडिंग कॉन्टॅक्ट, म्हणजे टेकेल पण सरकेल असा संपर्क. पण पहिल्या रनला कॉन्टॅक्ट घालू नका, स्नायू एकटा चालवा, मग हाड आणा. (शब्दांचा घोळ वेगळाच, आयुर्वेदवाल्यांशी बोलताना "स्नायू" म्हटलं की ते दोरीसारखे बंध समजतात आणि मांसपेशी म्हटलं की आपला विषय, एकदा अर्धा तास आम्ही वेगवेगळ्या गोष्टींवर एकमत होत होतो.)

अॅक्टिव्हेशन म्हणजे ० ते १. दणकन १ देऊ नका, हळूहळू चढवा. खऱ्या स्नायूतही सिग्नल आल्यावर चढायला १०-१५ मिलिसेकंदांच्या आसपास आणि उतरायला त्याच्या तीन-चार पट वेळ धरतात. लांबीचा पण हिशेब आहे, एका ठरावीक लांबीला स्नायू सगळ्यात जास्त ओढतो, त्याच्या निम्म्यावर किंवा दीडपटीवर गेला की स्वतःचा जोर जवळपास संपतो. आणि वेगानं आखडताना कमी ओढतो, हे ए. व्ही. हिलनं १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर मोजून समीकरण दिलं, आजही तेच वापरात आहे. सावकाश होणारी हालचाल असेल तर वेगाचा भाग आधी सोडून द्या.

चालवल्यावर "निगेटिव्ह जॅकोबियन" म्हणून ओरडेल. ओरडणारच. याचा अर्थ एखादं एलिमेंट शर्टाच्या बाहीसारखं उलटं झालं. टाइम स्टेप बारीक करा, कुठलं एलिमेंट ते शोधा, बहुतेक वेळा ते टेंडन आणि स्नायूच्या सांध्यावरचं चपटं एलिमेंट असतं किंवा तिथल्या फायबरची दिशा फिरलेली असते. रात्री लावून झोपायची सवय असेल तर रीस्टार्ट फाइल (थांबलं तिथनं पुढं सुरू करायची) लिहायला सांगून ठेवा, आषाढातल्या पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि नऊ तासांचं काम ९१ टक्क्यांवर गेलेलं मी बघितलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं माझी चांगली जिरली होती. पहिलं मॉडेल पूर्ण झाल्यावर मी ते एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला नेलं, लॅपटॉपवर दंड आखडतोय, मधे लाल, कडेला निळा. ते बघत राहिले आणि म्हणाले, "लाल म्हणजे तिथं फाटणार काय?"

"नाही सर, लाल म्हणजे तिथं ताण जास्त."

"किती जास्त?"

मी आकडा सांगितला.

"बरं. आणि हा आकडा बरोबर कशावरनं? ह्या माणसाचा दंड तुम्ही हात लावून बघितलाय काय?"

बघितला नव्हता. स्कॅन एकाचा, मटेरियलचे आकडे दुसऱ्या कुणाच्या शोधनिबंधातले, अॅक्टिव्हेशन माझ्या मनाचं. त्यांनी चहा मागवला, चांगले होते बिचारे, पण मला कळलं काय ते.

तेव्हापासनं मी असं करतो. ज्याचं मॉडेल, त्याच माणसावर दोन तरी गोष्टी मोजायच्या. फिजिओथेरपीकडं जोर मोजायचं यंत्र असतं, कोपर ९० अंशाला धरून तो किती ओढतो ते घ्या. आणि अल्ट्रासाउंड, स्नायूची जाडी सैल असताना आणि आवळल्यावर किती, ते मिलिमीटरमध्ये मिळतं. मॉडेलची जाडी त्याच्याशी ताडून बघा. एक अट, हे आकडे मॉडेल जुळवायला वापरले असतील तर त्याच आकड्यांनी मॉडेल बरोबर आहे म्हणायचं नाही. ९० अंशाला जुळवलं तर ४५ ला तपासा. २००५ मध्ये ब्लेमकर, पिन्स्की आणि डेल्प यांनी बायसेप्सचं त्रिमिती मॉडेल केलं ते याच कारणासाठी वाचण्यासारखं आहे, दोरीच्या मॉडेलमध्ये सगळे फायबर सारखे आखडतात असं धरतात, त्यांच्या मॉडेलमध्ये ते जागोजागी कमी-जास्त आखडले, आणि एमआरआयवर मोजलेलं पण तसंच होतं.

सर्जन लोकांच्या सरावासाठी सिम्युलेटर करायचा असेल तर हे सगळं उपयोगाचं नाही, तो वेगळा धंदा. तिथं एक पाऊल सोडवायला तास लागून चालत नाही, डोळ्याला सेकंदाला ३० चित्रं पुरतात पण हाताला जोर जाणवायचा असेल तर साधारण १००० वेळा उत्तर लागतं. म्हणून तिथं मास-स्प्रिंग (स्प्रिंगनी जोडलेले वजनदार ठिपके) किंवा पोझिशन बेस्ड (ठिपक्यांच्या जागा थेट सरकवायच्या) पद्धती वापरतात, स्नायू स्नायूसारखा हलतो पण आतले न्यूटन धरून चालायचे नाहीत. त्यासाठी सोफा नावाचं फुकट फ्रेमवर्क बघा, फ्रान्समधनं आलंय. आणि तुमचं सॉफ्टवेअर खरोखर पेशंटच्या उपचाराचा निर्णय सांगणार असेल तर ते मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली येतं हे विसरू नका, एप्रिल २०२० पासनं सॉफ्टवेअर पण त्यात धरतात. कॉलेजच्या प्रोजेक्टला नाही, पण हॉस्पिटलात बसवतो म्हणालात की आलंच.

त्या फिजिओथेरपीवाल्या पोरीनं परवा रात्री ठोकळ्याचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, दादा माझं चुकलंय, १०० पाहिजे होतं, २५ च यायलंय, सकाळपासनं सगळं तपासलं, युनिट बरोबर, फायबर बरोबर, आता सोडून देऊ काय. मी चित्र मोठं करून बघितलं, मग तिला ठोकळ्याची बाजू मोजायला सांगितली. १० बाय १० होती. व्हिडिओ बघून तिनं दोन्हीकडनं सिमेट्री लावून (बाकीचा भाग आरशासारखा तसाच धरून) पाव ठोकळाच केला होता, आणि चारनं गुणायचं राहिलं होतं.